चारनंतरचं पाणी

इमलमावशीच्या नाकाला आमच्या आश्रमशाळेत मुख्याध्यापकांपेक्षा जास्त मान होता. स्वयंपाकघराच्या दारातूनच ती सांगायची, "हाई दाय आंबी गयी," आणि डाळ खरोखर उतरलेली असायची. कुठल्या पोरीने डोक्याला कुणाचं तेल चोरून लावलंय, पहारेकऱ्याने बिडी संडासामागे ओढली की टाकीमागे, हे ती वासावरून सांगे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तुमच्या डब्यातली भाजी खराब झालीय, खाऊ नका. साहेब हसले आणि जेवले. दुपारी तपासणी अर्ध्यावर सोडून परत गेले. त्या दिवसापासून तिचं एक वाक्य शाळेत म्हणीसारखं झालं होतं, "तोंड खोटं बोलस, वास खोटं बोलस नही."

कागदोपत्री ती विमलबाई. पद कामाठीचं, म्हणजे झाडलोट, पाणी भरणं, पोरींची अंथरुणं-पांघरुणं. पण अधीक्षिकेची जागा दोन वर्षं भरलेली असे आणि तीन वर्षं रिकामी, त्यामुळे मुलींचं वसतिगृह खरं म्हणजे तीच चालवायची. उंच, हाडकुळी, पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा. ती कुठे आहे ते त्या आवाजावरून कळायचं. ती शहाद्याजवळच्या केळीच्या गावची आणि मी कोरीटची, म्हणून आम्ही दोघी आपसात अहिराणीत बोलायचो. पोरींची घरची बोली भिली, वर्गातली मराठी. मावशी तिन्हींची खिचडी करून बोलायची आणि ती खिचडी पोरींना माझ्या शुद्ध मराठीपेक्षा बरी कळायची, हे मला मुळीच आवडत नसे.

ती प्रेमळ होती का? लोक आता तसं म्हणतात. गेलेल्या माणसाला प्रेमळ म्हणायला काही लागत नाही. माझ्या मते ती शिस्तीची होती आणि शिस्तीलाच ती माया समजायची. दूध दिलं की प्रत्येक पोरीने पेला उपडा करून दाखवायचा, थेंब पडला तर परत प्यायचा. नखं, केस, कान रोज सकाळी. आणि जिचं अंथरूण ओलं होतं, तिला दुपारी चारनंतर पाणी बंद.

हा नियम दुष्टपणाचा नव्हता, हे मला आधी सांगितलं पाहिजे. ओल्या गोधड्या सकाळी कुंपणाच्या भिंतीवर वाळत पडत आणि शाळेत येणारं प्रत्येक पोर त्या मोजत येई. कुणाची गोधडी ते सगळ्यांना माहीत. पोरी रडत, काही घरी पळून जात. मावशीने त्यावर उपाय काढला. पिण्याच्या पाण्याच्या ड्रमला चार वाजता कुलूप. बाकीच्या पोरींना ती मागितल्यावर स्वतः उघडून द्यायची, अंथरूण ओलं करणाऱ्या दोघी-तिघींना नाही. एका महिन्यात भिंत रिकामी झाली. मी स्वतः तिचं कौतुक केलं होतं.

रविता चौथीत होती, माझ्या वर्गात. नऊ वर्षांची. नर्मदेकाठच्या एका पाड्यावरची, मणिबेलीच्या अलीकडचा तो पाडा. शाळेपासून जीपने तासभर आणि मग बोटीने दोन तास. धरणाच्या पाण्यात जुना पाडा गेला, उरलेली घरं टेकडीवर सरकली. तिचा बाप नुरजी कमी बोलणारा माणूस. पोरगी मात्र बडबडी, पाढे म्हणताना डोलायची.

दिवाळीनंतर केव्हातरी ती डोलायची थांबली. वर्गात पेंगायला लागली. सारखी उठून करंगळी दाखवायची. मी दोनदा सोडलं, चारदा सोडलं, मग नियम केला की सुट्टीशिवाय बाहेर जायचं नाही. तिकडे वसतिगृहात तिची गोधडी भिंतीवर दिसायला लागली. पहिलीपासून कधी अंथरूण ओलं न केलेली पोर नवव्या वर्षी परत सुरू झाली, याचं आम्हा कोणाला नवल वाटलं नाही. आम्हाला राग आला. मावशीने चारनंतर तिचं पाणी बंद केलं. आत जाणारं पाणी तिने अडवलं आणि बाहेर जाणारं मी.

पोर काय करणार? भांडी धुवायच्या बादलीतून पाणी प्यायली. मावशीने कान धरून ओढलं. मग संडासाच्या टाकीला तोंड लावताना सापडली. त्या दिवशी मावशीने तिला बदडलं, आणि मी पुढच्या वर्गात स्वच्छतेचा धडा शिकवला. जेवायला ती दोन पोरींचं जेवायची. मावशी भाकरी जास्तीची वाढायचीही, पण अंगाला काही लागत नव्हतं. फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागला. आमच्या भागात फ्रॉक ढगळ असणं ही काही बातमी नाही. जंताची गोळी दिली. रक्तातल्या सिकलसेलची तपासणी पहिलीतच झाली होती, ती चांगली आली होती. तेव्हा आजार नाही, पोर हट्टी आहे, असं ठरलं.

होळीला सगळी पोरं घरी जातात. आमच्याकडे दिवाळीपेक्षा होळी मोठी. रविता सहा दिवसांनी परत आली, बापाच्या खांद्यावर. साडेचार वाजले असतील. वाटेत दोनदा उलटी झाली होती. श्वास मोठमोठा घेत होती, पळून आल्यासारखा, पण ती तर खांद्यावर बसून आलेली. डोळे उघडत, परत मिटत. उभं केलं तर झोकांडी जाई.

मावशी वाकली आणि तिने तिच्या तोंडाचा वास घेतला.

मी तिथेच उभी होते. मलाही आला तो वास, गोडसर, आंबूस, पिकून उतरलेल्या फळासारखा. मावशी ताठ झाली आणि सगळ्या पोरींसमोर, दोन मास्तरांसमोर नुरजीवर ओरडली, "पोरले मोहनी पाजी दिनी यासनी!" मोहनी म्हणजे मोहाची दारू.

नुरजी म्हणाला, "नाय पाजली, बाई. देवाला ठेवली. पोरीला नाय."

"मन्हं नाक कधी चुकस नही."

त्या नाकाची कीर्ती त्याच्याही कानावर होती. शिवाय होळीचे दिवस, घराघरात मोहाची दारू, चुलत्यामामांपैकी कोणी थट्टेने घोटभर दिलीही असेल, असं बहुधा त्याला स्वतःलाच वाटलं. आम्हाला तर शंकाच नव्हती. सपाटीवरून वर नोकरीला आलेल्या आम्हा लोकांच्या डोक्यात डोंगरातला माणूस आणि मोहाची बाटली हे जोडीनेच बसलेलं असतं. पोर झोकांडते आहे, वास येतो आहे, घर नुरजीचं आहे, झालं की. तोच वास एखाद्या मास्तराच्या पोरीच्या तोंडाला आला असता तर आम्ही जीप काढली असती. हे मी आज लिहिते आहे, तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

रविताने पाणी मागितलं. मावशी म्हणाली, उलटी होईल, आणि चार वाजून गेलेत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "झोपू द्या तिले. सकायलोंग उतरी जाई." सकाळपर्यंत उतरेल. मी मान डोलावली. नुरजी पाचच्या जीपने नदीकडे परत गेला.

सकाळी ती उठेना. जीपमध्ये मावशीने तिला मांडीवर घेतलं होतं. श्वास तसाच, खोल आणि घाईचा, बाकी अंग गार. तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी तोंडाचा वास घेतला आणि ते मोहाबद्दल काही बोललेच नाहीत. पोरीचं बोट टोचलं, थेंब यंत्राला लावला. यंत्रावर आकडा आला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. रक्तातली साखर यंत्राला मोजता येते त्याच्या पलीकडे गेली की तसं येतं, ते म्हणाले. सलाईन लावता लावता त्यांनी विचारलं, पाणी खूप पीत होती का? लघवीला सारखी जात होती का? वजन उतरलं का?

तिन्ही प्रश्नांना आम्ही हो म्हणालो. आम्हाला सगळं माहीत होतं.

"शुगर ते म्हातारासले व्हस, डॉक्टरसाहेब," मावशी म्हणाली. "हाई नऊ वरीसनी पोर शे."

नंदुरबारला नेताना गाडीतच रविता गेली. दुपार व्हायची होती.

दोन दिवसांनी मावशी मला घेऊन परत त्या डॉक्टरांकडे गेली. आपण काय केलं ते तिला कळून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी रागावायला हवं होतं, ते रागावले नाहीत, नीट सांगत बसले. पोटात एक ग्रंथी असते, ती इन्सुलिन तयार करते. काही मुलांचं शरीर स्वतःच ती ग्रंथी मारून टाकतं. मग खाल्लेलं अंगाला लागत नाही, साखर होऊन रक्तात फिरतं. ती साखर लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून पोर पाणी पाणी करतं. अंग उपाशी राहतं, स्वतःची चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्याचं विष रक्तात साठतं. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, गुंगी, तो वास, हे सगळं त्या विषाचं. मोठ्या माणसांच्या मधुमेहासारखं गोळ्यांवर भागत नाही, इन्सुलिनची सुई रोज, जन्मभर. गोड खाल्ल्याने होत नाही, कोणाच्या चुकीने होत नाही. वेळेत ओळखलं आणि सुई मिळाली तर पोर शिकतं, खेळतं, म्हातारं होतं.

होणं कोणाच्या चुकीने नव्हतं, जाणं होतं. मावशी हे सगळं मान खाली घालून ऐकत होती. उठताना तिने एकच विचारलं, घरात दुसरं पोर असेल तर? डॉक्टर म्हणाले, होईलच असं नाही, पण भावंडांना धोका थोडा जास्त असतो, लक्ष ठेवायला हवं.

नुरजीला दुसरी मुलगी होती. सेवंती, तेव्हा चार वर्षांची.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मावशी म्हणाली, "वास खराच व्हता, माय. मन्हं डोकं खोटं निंघनं." त्यानंतर ती म्हण मी तिच्या तोंडून कधी ऐकली नाही. ड्रमचं कुलूप तिने काढलं आणि कोठीतल्या बिस्किटांच्या डब्याला लावलं.

महिन्याभराने आम्ही दोघी नुरजीच्या पाड्यावर गेलो. मी जायला तयार नव्हते. लोक मारतील, असं मी म्हणाले. मावशी म्हणाली, मारू देत. एप्रिलचं ऊन, बोटीत सावली नाही, दोन्ही बाजूंना डोंगर आणि पाणीच पाणी. नुरजी अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मावशी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. कुलूप, बादली, कान ओढला तो, बदडलं ते. आजाराचं नाव सांगितलं. तुझ्या पोरीने घेतली नव्हती, भाऊ, तू खरं बोलत होतास, हे तिने तीनदा सांगितलं. नुरजीचे हात जाळ्यावर चालूच होते. माझ्या नियमाचं मी काही बोलले नाही. मावशीनेही माझं नाव घेतलं नाही, आणि ते मला आजपर्यंत टोचतं.

डोंगरातल्या घरी शत्रू आला तरी आधी पाणी देतात. माणूस टेकला की कोणीतरी आतून लोटा आणतं, मग नाव-गाव. आम्ही तास-दीड तास बसलो होतो, लोटा आला नाही. ओठ सुकले तेव्हा मावशीनेच मागितलं, "भाऊ, जरासं पानी दे."

नुरजीने सूर्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चार वाजून गेले. आता पाणी नाय."

आवाजात राग नव्हता. रविताने होळीला घरी सांगितलं होतं, चारनंतर मावशी पाणी देत नाही. तेव्हा ती मडक्याशीच बसून होती म्हणे, लोट्यावर लोटे पीत. त्याने तिला म्हटलं होतं, पी, आपल्याकडे अख्खी नदी आहे. हे त्याने आम्हाला सांगितलं आणि परत जाळं हातात घेतलं. मी पाचच्या बोटीत रडत बसले. मावशी रडली नाही, पाण्याकडे बघत राहिली.

मला वाटलं, संपलं. पण पंधरा दिवसांनी रविवारी ती परत गेली. मग दर दुसऱ्या रविवारी. पावसाळ्यात बोट बंद असली तर नाही, एरवी चुकवलं नाही. अंगणात बसायचं, सेवंतीला जवळ घ्यायचं, तिच्या आजीला, नुरजीच्या आईला विचारायचं की पोर पाणी किती पिते, रात्री उठते का, जेवते कशी. मग परत. लोटा कधी आला नाही. मी कधीमधी सोबत जायचे. एकदा मी तिच्यासाठी पाण्याची बाटली घेतली, तर तिने जीपमध्येच ठेवायला लावली.

"मी तिले तिशी ठेयी," ती म्हणाली. तीस म्हणजे तहान. "घडीभर मी बी ऱ्हासू."

मला हे असलं आवडत नाही. स्वतःला जाळून कोणाचं भलं होत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी तिला ऐकवलंही. ती म्हणाली, "तू नको येऊ." मी गेले की बाटलीतलं पाणी परतताना जीपमध्ये गटागट प्यायचे. ती मात्र शाळेत पोचून, हातपाय धुवून मग प्यायची.

शाळेत तिने नवीन पद्धत काढली. जूनमध्ये गणवेश आले की प्रत्येक पोरीच्या चड्डीच्या, परकराच्या नाडीवर, जिथे गाठ बसते तिथे लाल दोऱ्याचा एक टाका. रोज सकाळी नखं-कानांबरोबर नाडी बघायची. गाठ टाक्याच्या आत सरकली की पोर वाळली. वजनकाटा शाळेत होता, पण तो कधी चालू असे, कधी साहेब येणार असले तरच. टाक्याला सेल लागत नाहीत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: पाणी फार, लघवी फार, भूक फार, अंग बारीक. आणि खाली: बोट टोचून घ्या. तिला वाचता येत नव्हतं. भिंतीला हात लावून ती पोरींना ते म्हणून दाखवायची. ओली गोधडी दिसली की आता पहिला प्रश्न, "रात कितला येळा उठनी व तू?" आणि पोरीला आधी भरलेला पेला. दोन-तीन पोरींना तिने उगीचच दवाखान्यात नेलं. काही निघालं नाही. शिक्षक हसले. ती म्हणाली, हसा.

सेवंतीच्या कमरेला काळा करदोडा होता, डोंगरात सगळ्याच पोरांना असतो. त्यावरही तिने लाल टाका घातला होता. पोर वाढेल तसा टाका पुढे सरकवायची. नुरजी लांबून बघायचा.

असं तीन वर्षं चाललं. मग एका रविवारी, पावसाळा संपता संपता, मी सोबत असताना बोट काठाला लागली तर सेवंती पाण्यात पाय सोडून बसलेली. दोन्ही हातांनी ओंजळी भरून पीत होती. मावशीला पाहून हसली, परत ओंजळ भरली. मावशी खाली बसली आणि तिने करदोड्यात बोट घातलं. मागच्या खेपेला बोट जात नव्हतं. आता दोन बोटं गेली आणि करदोडा कमरेवरून खाली घसरला.

तिने पोरीला उचललं आणि टेकडी चढून अंगणात आणलं. आजी म्हणाली, पोरीला नजर लागलीय, आठवडाभर लघवीला उठते, उद्या भगताला दाखवणार आहे. मावशी नुरजीला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता बोटवर चल. पोरले घे."

नुरजी उभा राहिला. पोरीला त्याने तिच्या हातातून काढून घेतलं. मी त्याचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, हा देणार नाही. का द्यावी? एक पोर याच बाईच्या शब्दावर ठेवून तो परत गेला होता.

"तुझं नाक सांगतं?" तो म्हणाला.

मावशीने वास घेतलाच नव्हता. तिने हात जोडले. "मन्हं नाक नको मानू, भाऊ. मन्हं काहीच नको मानू. पोरनं बोट टोच, यंत्रले इचार. यंत्र नही म्हने ते मी परत आठे पाय ठेवाव नही."

आजी आडवी आली. भगत उद्या येणारच आहे, एवढी घाई कशाला. नुरजीने पोरीकडे पाहिलं. सेवंतीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि पाणी मागितलं. मला वाटतं, ते त्या शब्दाने झालं. तो आत गेला, तिला पोटभर पाणी पाजलं, आणि बोटीकडे चालायला लागला.

दवाखान्यात यंत्रावर आकडा आला. मोठा होता, वाईट होता, पण आकडा होता. डॉक्टर बदलून दुसरे आले होते. ते घाबरून आमच्याकडे बघत होते, कारण आकडा ऐकून मावशी जमिनीवर बसून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वेळेत आणलंत, ते म्हणाले. नुरजी भिंतीला टेकून उभा होता. एक पोर वेळेत म्हणजे दुसरी वेळेत नव्हती, हा हिशेब त्याच्या डोक्यात चालला असणार.

पुढचं सोपं नव्हतं. पाड्यावर वीज आहे म्हणतात, तारा तरी आहेत. इन्सुलिन गार ठेवायचं, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तसं मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात बाटली. वाळू रोज भिजवायची. सुई मारायला नुरजी धजत नसे. मावशीने गावाहून केळ्यांची फणी आणली आणि केळ्यावर सुई मारायला शिकवलं त्याला. आधी ताट समोर, मग सुई, हा तिचा मंत्र. एकदा पोर न जेवता बाहेर गेली आणि घामाने भिजून, थरथरत पडली. नुरजीने तोंडात गूळ सारला, तेव्हा उठली. त्यानंतर त्याच्या कमरेच्या पिशवीत गुळाचा खडा कायम असे. उसाच्या तोडीला दरवर्षी गुजरातेत जायचा, ते त्याने सोडलं. तिकडे मडकं कुठे ठेवणार? त्यामुळे घरात पैशाची ओढाताण होती, आजी कुरकुरायची, सेवंती कधी सुईला कंटाळून डोंगरात लपून बसायची. सणासुदीला लोक म्हणायचे, रोज टोचलेली पोर, हिचं लग्न कोण करील. मावशी रविवारी जायचीच. बाटलीत किती उरलंय बघायची, टोचायची जागा बदलतात का बघायची. आणि तशीच, कोरड्या तोंडाने परत यायची. तेवढं बदललं नाही. मला नुरजीचा राग यायचा. तुमची पोर वाचवली तिने, असं एकदा मी बोलूनही गेले. मावशीने मलाच गप्प केलं.

तिच्या निवृत्तीच्या महिन्यात आम्ही शेवटचं गेलो. गुडघे गेले होते, टेकडी चढायला तिला अर्धा तास लागला. सेवंती तेव्हा दहाची झाली होती. त्या घरातल्या पोरीचं नऊपुढचं वय पहिल्यांदाच दिसत होतं. सुई ती स्वतः घ्यायला लागली होती, पोटाची कातडी चिमटीत धरून, जीभ दातात पकडून. करदोड्यावरचा लाल टाका तिने स्वतःच पुढे घेतला होता, जरा वाकडा. मावशीने तो उसवून नीट घातला. मग नुरजीला सांगितलं की आता मी शहाद्याकडे गावी राहणार, एवढ्या लांबून येणं होणार नाही, पोरीवर लक्ष ठेव. नुरजीने मान हलवली. खाली काठावरून बोटवाल्याने हाक दिली. मावशी हात टेकून उठायला लागली.

नुरजीने सूर्याकडे पाहिलं.

"चार वाजून गेले," तो म्हणाला.

इतकी वर्षं होऊनही? तो आत गेला. आम्हाला वाटलं, निरोप संपला. मावशी पायरीपर्यंत पोचलीही होती. तेवढ्यात तो बाहेर आला, हातात लोटा, काठोकाठ भरलेला, बोटांवरून पाणी सांडत होतं. तो त्याने तिच्या पुढे धरला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

मावशीने दोन्ही हातांनी लोटा घेतला. ती उभ्यानेच प्यायली, थांबली नाही, श्वासही घेतला नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पोलक्यावर उतरलं. पिऊन झाल्यावर, तीस वर्षं पोरींकडून करवून घेतलं तसं, तिने लोटा उपडा करून दाखवला. थेंब पडला नाही. सेवंती खुदकन हसली.

गावी गेल्यावर त्याच थंडीत मावशी गेली. मला दहाव्याला कळलं. माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येतो तो त्या पायरीवरचा, ओल्या गळ्याचा, उपडा लोटा पुढे धरलेला. बोटवाला खालून ओरडत होता. नुरजी हसला नाही. त्याने तिच्या हातातून लोटा घेतला आणि आत जाऊन परत भरून आणला.